गार्थ ब्रुकनरचा बहिरा कान

गार्थ ब्रुकनरचा नेमका कोणता कान गेला, याबद्दल न्यू बर्गन गावात एकमत नव्हतं. वसंतात लष्कराच्या डॉक्टरांनी त्याला नापास केलं तेव्हा डावा गेला होता. जुलैच्या मिरवणुकीत बाप त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडताना दिसला, म्हणून लोकांनी उजवाही गेला असं धरलं. सप्टेंबरपर्यंत दोन्ही कामातून गेल्याचं नक्की झालं. बिचाऱ्याची तब्येत अशी निवडणुकीच्या चालीने ढासळत होती.

बाप म्हणजे क्लिफर्ड ब्रुकनर. पशुखाद्याच्या गिरणीचा मालक, कोणाच्या पोराने युद्धावर जायचं ते ठरवणाऱ्या जिल्ह्याच्या सक्तीच्या लष्करभरती मंडळाचा अध्यक्ष, आणि यंदा विस्कॉन्सिनच्या सिनेटला उभा राहिलेला उमेदवार. व्हिएतनामहून तोवर जिल्ह्यात तीन शवपेट्या आल्या होत्या आणि लोक चर्चच्या पायऱ्यांवर हळू आवाजात विचारायला लागले होते की हे सगळं नक्की कशासाठी चाललंय. ब्रुकनरचा आवाज मात्र हळू नव्हता. धडधाकट पोराने या वेळी घरात बसणं म्हणजे आईच्या दुधाला बट्टा, असं तो प्रत्येक सभेत छाती ठोकून सांगायचा. मग मागे बसलेल्या गार्थकडे हात करायचा, गळा दाटून आणायचा आणि म्हणायचा, "माझा हा मुलगा तर उद्या निघाला असता हो! पण देवाने त्याचे कान नेले." इथे बायका रुमाल काढत. गार्थ बुटांच्या टोकांकडे बघत बसायचा.

आर्डिस हाल्व्हरसन रुमाल काढणाऱ्यांतली नव्हती. नवरा ट्रॅक्टरखाली गेल्यापासून ती आणि तिचा एकुलता एक लोवेल असे दोघे मिळून तीस गाईंचा गोठा चालवत होते. लोवेलला घरच्या अडचणीमुळे भरतीतून सूट मिळावी, असा अर्ज तिने केला होता. मंडळात तीन माणसं होती, पण बाकीचे दोघे ब्रुकनर शिंकला की रुमाल पुढे करणारे होते, तेव्हा मंडळ म्हणजे ब्रुकनरच. त्याने अर्ज फेटाळला आणि वर तिला ऐकवलं, "आर्डिस, गाई थांबतील. देश थांबणार नाही."

तिला सगळ्यात जास्त राग आला तो या वाक्याचा. गाई थांबत नाहीत. भरल्या कासेने हंबरणारी गाय ज्याने एकदा पाहिली आहे, त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. पोत्यांतून खाद्य विकून पैसेवाला झालेल्या या माणसाने आयुष्यात एकदाही सडाला हात लावलेला नसणार, अशी तिची खात्री पटली. लोवेलची हजर व्हायची तारीख कधीही येणार होती. टपालवाल्याची गाडी वळणावर दिसली की ती हातातलं काम टाकून अंगणात यायची, आणि लोवेल मुद्दाम शीळ घालत गोठ्यात निघून जायचा.

अशा वेळी ब्रुकनरचा निरोप आला. शुक्रवारी जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये त्याच्यातर्फे तळलेल्या माशांचं जेवण होतं आणि नंतर चौकडीचा नाच. नाचाला हाळी द्यायला आर्डिसने यावं.

चौकडीच्या नाचात चार जोड्या चौकोनात उभ्या राहतात आणि पुढे काय करायचं ते नाचणाऱ्यांना ठाऊक नसतं. ते ठरवते हाळी देणारी. ती म्हणेल तसं फिरायचं, म्हणेल तिचा हात धरायचा, म्हणेल तेव्हा सोडायचा. गेली कित्येक वर्षं जिल्ह्यात ही हाळी आर्डिसची होती. कैक लग्नं तिने हाळीवर जुळवली होती आणि एक-दोन मोडलीही होती.

"जाऊ नकोस आई," लोवेल म्हणाला. "त्याच्या तुकड्यावर गाणार का तू?"

"गाणार ना. चांगली खड्या आवाजात गाणार."

"आणि वर मासेही खाणार असशील."

"मासे फुकट आहेत, ते का सोडू? तू गप दूध काढ."

लोवेलने तिच्याकडे निरखून पाहिलं. आईच्या ओठाचा डावा कोपरा वर गेला की काहीतरी शिजतंय, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. तो बादली उचलून निघाला.

तिने बेत एकाच माणसाला सांगितला, आयरीन सोबचाकला. आयरीन तिच्या हाळीला अकॉर्डियनची साथ करायची. दोघींची मुलं एका वर्गात शिकली, एका नदीत बुडता बुडता वाचली. आयरीनचा डेनिस लोवेलपेक्षा थोडाच लहान.

"म्हणजे मी हळू वाजवायचं," आयरीन म्हणाली, "आणि तू त्याहून हळू बोलायचं."

"बरोबर."

"आणि मग क्लिफचं थोबाड बघायचं."

"त्याचे पैसे नाही पडणार तुला."

"आर्डिस, अगं या कामाला मी गाणीसुद्धा फुकट वाजवीन!" आयरीन इतकी हसली की तिचा आवडता पेला हातातून पडला आणि फुटला, आणि त्याचंही तिला हसूच आलं.

शुक्रवारी हॉल माणसांनी फुलून गेला. मासे, कोबीची कोशिंबीर, राय धान्याचा पाव, आणि ब्रुकनरच्या खर्चाने ब्रँडी. ब्रँडी फुकट असली की न्यू बर्गनमध्ये पक्षभेद राहत नाहीत. भाषण झालं, दुधाला बट्टा लागला, देवाने कान नेले, रुमाल निघाले. वर्तमानपत्राचा माणूस कॅमेरा घेऊन आला होता, पण त्याला माशांशिवाय टिपण्यासारखं अजून काही मिळालं नव्हतं.

आर्डिस ब्रुकनरपाशी गेली. दोघे एका शाळेतले, त्यामुळे अरे-तुरेचं नातं.

"क्लिफ, एक सुचवू? गार्थला चौकडीत उभा कर."

"डोकं फिरलंय का तुझं? त्याला हाळी ऐकू कशी येणार?"

"नाहीच येणार. तीच तर गंमत. पोरगा बहिरा, पण गावाबरोबर नाचायला उभा राहिला. इकडे चुकतोय, तिकडे धडपडतोय, लोक त्याला हाताला धरून फिरवतायत. आणि तो कॅमेरावाला मघापासून कोशिंबिरीचे फोटो काढतोय बघ."

ब्रुकनरने कॅमेरावाल्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांपुढे सोमवारचं पहिलं पान उभं राहिलेलं आर्डिसला स्पष्ट दिसलं. या माणसाला फसवायला फार कष्ट लागत नाहीत, फक्त त्याचा फोटो पुढे धरावा लागतो.

"तू तशी मनाने मोठी आहेस हं आर्डिस," तो म्हणाला. "लोवेलचं तसं झाल्यावर दुसरी एखादी आलीसुद्धा नसती."

"लोवेलचं अजून काही झालेलं नाही," ती म्हणाली. तिला ते वाक्य फार लागलं, पण तिने ओठ हसरेच ठेवले.

ब्रुकनर मुलाच्या कानाशी वाकला. काय बोलला ते ऐकू आलं नाही, म्हणजे तो ओरडला नव्हता. एवढ्या गर्दीत हे फक्त आर्डिसच्या ध्यानात आलं.

गार्थ उभा राहिला. स्टेजला चिकटून असलेल्या चौकडीत एक गडी कमी होता, कारण आर्डिसने तो कमी ठेवला होता, आणि त्या जागी जोडीदारावाचून उभी होती कॉनी. गार्थचा कॉनीवर शाळेपासून जीव होता, आणि हे तर आंधळ्याबहिऱ्यालाही माहीत होतं.

आयरीनने भाता ओढला. आर्डिसने माईक हातात घेतला.

"हात धरा, गोल करा, डाव्या अंगाने फेर धरा!"

सातजण डावीकडे गेले, गार्थ उजवीकडे. कॉनीवर आदळला, मागे सरला, कुणाच्या तरी पायावर पडला. "अरेरे," हॉल कळवळला. कॅमेरा चमकला. ब्रुकनर डोळे पुसत होता आणि बोटांच्या फटीतून कॅमेऱ्याकडे बघत होता.

पोरगा नाटक बरं करतो, आर्डिसच्या मनात आलं. पण ते फार वेळ टिकायचं नाही. गार्थला नाच तिनेच शिकवला होता. नऊ वर्षांचा असताना तो आला तेव्हा त्याच्या तळहातांना इतका घाम यायचा की मुली त्याचा हात धरायला तयार नसत. तिने स्वतः धरला. पुढे तोच तिचा सगळ्यात तयार पोर निघाला. ज्याला हाळी मुरली, त्याचे पाय डोक्याला विचारत नाहीत. शब्द कानात पडला की पाऊल पडतंच. हे आर्डिसला माहीत होतं, आयरीनला माहीत होतं. ब्रुकनर कधी नाचलाच नव्हता, त्यामुळे त्याला माहीत नव्हतं.

तिने वेग वाढवला. ज्या नाचावर लहानपणी गार्थच्या चौकडीने बक्षीस आणलं होतं, तोच काढला.

"कोपऱ्यातलीला डावा हात, जोडीदारणीला उजवी साथ! साखळी धरा, उलटी फिरा, भेटेल तिला गिरकी मारा!"

पहिल्या साखळीत गार्थ मुद्दाम चुकला. दुसऱ्या साखळीत चुकायला त्याला जरा उशीर झाला. तिसऱ्या वेळी कॉनी समोरून हसत आली, आणि मग गार्थ ब्रुकनर बहिरा असल्याचं साफ विसरला. पाठ ताठ झाली, टाचा वाजायला लागल्या, आणि त्याने कॉनीला अशी गिरकी दिली की तिचा घेर उघड्या छत्रीसारखा पसरला.

आर्डिसने माईक खाली ठेवला. आयरीनने सूर दबका केला. आर्डिस हॉलकडे पाठ करून भिंतीला तोंड देऊन उभी राहिली, म्हणजे ओठ वाचतो असं उद्या कुणी म्हणायला नको, आणि देवघरात पुटपुटावं इतक्या हलक्या आवाजात म्हणाली, "पहिली जोडी पुलाखालून, दुसरी जोडी वरून चालून."

बाकीच्या सात जणांचे कान माईकवर होते, त्यांना काहीही ऐकू आलं नाही. ते गोंधळून उभे राहिले. लहानपणापासून तिचा आवाज कानात मुरलेला गार्थ मात्र कॉनीचा हात धरून वाकला आणि झोकात पुलाखालून गेला.

"गडी आत, पाठीला पाठ," आर्डिस भिंतीला म्हणाली.

गार्थ आत गेला. इतर गडी त्याच्याकडे बघून त्याच्या मागोमाग. पुढची हाळी, पुन्हा तेच. आता चौकडी हाळीवर नाचतच नव्हती. सात कानवाले एका बहिऱ्याकडे बघून नाचत होते.

आधी कोपऱ्यातलं कुणीतरी फिसकन हसलं. मग एका टेबलाचं हसू दुसऱ्यावर गेलं, आणि बघता बघता अख्खा हॉल पोट धरून हसायला लागला. लोवेल दाराशी टेकून उभा होता, त्याने टोपी तोंडावर धरली होती. ते हसू ऐकून गार्थ थबकला. त्याला कळलं. कॉनीचा हात त्याच्या हातातच राहिला.

आता ब्रुकनर तोंड लपवून पळेल, असा आर्डिसचा होरा होता. पण राजकारणी माणूस पळताना पुढेच पळतो. तो दोन ढांगांत स्टेजवर आला आणि त्याने माईक उचलला.

"मित्रहो!" त्याचा आवाज थरथरत होता. "तुम्ही आत्ता काय पाहिलंत? माझ्या मुलाला ऐकू येतंय! आपल्या मातीतल्या संगीताने त्याचे कान उघडले! हा चमत्कार आहे! देवाची कृपा आहे!"

एवढा निर्लज्जपणा समोर आला की माणसाला आधी कौतुकच वाटतं. पुढच्या टेबलावरच्या दोन भाबड्या बायकांना तर खरंच रडू फुटलं.

मग म्हातारा एमिल उठला. पहिल्या महायुद्धात डाव्या हाताची दोन बोटं फ्रान्समध्ये ठेवून आलेला माणूस. त्याने ब्रँडीचा पेला उंच धरला.

"अभिनंदन क्लिफ!" तो गरजला. "म्हणजे आता पोरगं जाऊ शकेल!"

"जाऊ शकेल!" मागून कुणीतरी ओरडलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक बाकांवर उभे राहिले. "कधी निघतोस गार्थ?" "लोवेलबरोबर एकाच बसने जा रे!" कॅमेरा पुन्हा पुन्हा चमकत होता. ब्रुकनरचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त त्याच्यातून रक्त निघून गेलं.

आर्डिसने इतके दिवस याच घडीची वाट पाहिली होती. तिला मनसोक्त हसायचं होतं. पण तिची नजर गार्थवर गेली. पोरगा पांढराफटक पडला होता, आणि कॉनीच्या हातातून सोडवलेला हात पुन्हा पुन्हा पँटला पुसत होता. तळवे अजून घामेजतात याचे, तिला वाटलं. तिला बापाचं नाक कापायचं होतं, पोराचा गळा नव्हे.

ब्रुकनर तिच्याकडे वळला. माईक त्याने छातीशी दाबून धरला होता.

"आर्डिस," तो पुटपुटला. "काहीतरी कर. तुझं ऐकतात हे लोक."

"लोवेल," ती म्हणाली.

"सोमवारी. सोमवारी पहिलं काम तेच करतो."

"आत्ता. माईकमध्ये."

"अगं, असं जाहीर कसं..."

"नाहीतर हा चमत्कार तुझा तू निस्तर."

ब्रुकनरने खाली मासे खाणाऱ्या आपल्या दोन्ही सभासदांकडे पाहिलं. दोघांनी सवयीने माना डोलावल्या. त्याने घसा साफ केला. "मित्रहो, आजच्या या शुभ दिवशी मला सांगायला आनंद होतो की, आपल्या मंडळाने लोवेल हाल्व्हरसनच्या अर्जाचा पुन्हा विचार केला आहे. शेती हीसुद्धा देशसेवाच आहे. लोवेल घरी राहील."

दाराशी लोवेलने टोपी तोंडावरून काढली आणि तो नुसता बघत राहिला. आर्डिसने माईक जवळजवळ हिसकावूनच घेतला.

"चमत्कार-बिमत्कार काही नाही," ती म्हणाली. "गार्थला मीच शिकवलंय. हा पोरगा माझ्या टाचा बघून नाचतो. मी टाच कशी टेकवते त्यावरून याला हाळी कळते. ऐकू काही येत नाही बिचाऱ्याला. हो ना रे गार्थ?"

गार्थने उत्तर दिलं नाही. मग त्याच्या ध्यानात आलं की उत्तर न देणं हेच बरोबर उत्तर आहे, आणि तो आणखी गप्प झाला. हॉल पुन्हा फुटला. आर्डिसच्या टाचा दाखवा, टाचा दाखवा, असा एकच गलका झाला. खरं काय ते प्रत्येकाला कळलं होतं आणि खोट्यावर प्रत्येकजण खूश होता. कुणाचं पोर जात नव्हतं, ब्रुकनरची पुरती शोभा झाली होती, आणि ब्रँडी अजून संपली नव्हती. आर्डिसने स्कर्ट घोट्यापर्यंत उचलून टाचा दाखवल्या. इतकं हलकं तिला नवरा गेल्यापासून कधी वाटलं नव्हतं.

"वाजव गं आयरीन!" ती मागे न बघताच म्हणाली.

अकॉर्डियन वाजलं नाही.

आर्डिस वळली. आयरीनने पट्टे खांद्यावरून उतरवले होते. ती उठून स्टेजच्या कडेला आली आणि तिने विचारलं. फार मोठ्याने नाही, पण हसू हळूहळू विरलं तसं सगळ्यांना ऐकू गेलं.

"या महिन्यात जिल्ह्यातून जेवढी पोरं द्यायचीत तेवढी द्यायचीच आहेत ना, क्लिफ? लोवेल राहिला. मग आता त्याच्या जागी कोण?"

भरतीची यादी वयाच्या क्रमाने होती. लोवेलच्या मागचं नाव कुणाचं, हे न्यू बर्गनमध्ये शाळेच्या वर्गावरून सांगता यायचं. आयरीनचा डेनिस कोल्ड्रिंकच्या पेटीवर बसला होता. त्याच्या शेजारचा मुलगा नकळत जरा बाजूला सरकला.

"मी विचारतेय, कोण?"

ब्रुकनरने आधी डावा कान पुढे केला, मग उजवा. "काय म्हणालीस आयरीन? इथे गडबड फार आहे. काही ऐकू आलं नाही बघ."

एमिल खाली बसला. कुणीतरी हसायला सुरुवात करून मध्येच थांबलं.

आयरीन ब्रुकनरकडे बघतसुद्धा नव्हती. ती आर्डिसकडे बघत होती, आणि आर्डिसला एकेक शब्द नीट ऐकू आला होता.